वडिलांना अटॅक, माझा एलडीएल १६२: रोसुवास्टॅटिन घेऊ की नको?

तुम्ही लिहिलंय की वय ४८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२, बीपीची गोळी चालू, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९, आणि वडिलांना ५१व्या वर्षी अटॅक आला होता. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम लिहून दिली, पण मावसभावाने पाय दुखतात म्हणून तीच गोळी सोडली, तेव्हापासून तुमची स्ट्रिप न फोडता पडून आहे. गोळीने साखर वाढेल का, ही भीतीही तुम्ही विचारलीत. मी सांगलीत एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण या गोळीबद्दलची भीती काउंटरवर रोज ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फायद्याचं बघू, कारण दुष्परिणामांची चर्चा सगळे करतात आणि फायदा कुणी मोजतच नाही. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन ही याच गटातली गोळी घेणाऱ्यांमध्ये पाचेक वर्षांत मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी दिसलं. त्यानंतरच्या अनेक चाचण्या एकत्र केल्यावर ढोबळ हिशोब असा निघतो: एलडीएल साधारण ३९ने उतरला की हार्ट अटॅक, पक्षाघात यांचा धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो.

पण एक पंचमांश कशाचा? समजा एखाद्याला पुढच्या दहा वर्षांत अटॅक येण्याची शक्यता शंभरात पाच आहे. गोळीने ती चार होईल, म्हणजे शंभर जणांनी दहा वर्षं गोळी घेतली तर एकाचा अटॅक टळेल. ज्याची शक्यता शंभरात पंचवीस आहे, तिथे त्याच गोळीने पाच जण वाचतात. त्रास होण्याची शक्यता मात्र दोघांनाही जवळपास सारखीच. म्हणून ‘स्टॅटिन चांगली की वाईट’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. आपला स्वतःचा धोका किती, हे आधी डॉक्टरांकडून आकड्यात काढून घ्या. मावसभावाचा हिशोब वेगळा, तुमचा वेगळा.

तुमच्याकडे बघायचं तर वडिलांना ५५च्या आत अटॅक, बीपी, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर, आणि वर १६२. शिवाय आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतरांना ५९च्या आसपास. रोसुवास्टॅटिन १०ने एलडीएल सुमारे ४५ टक्के उतरतो, म्हणजे तुमचा नव्वदच्या घरात येईल आणि धोका एक तृतीयांशाच्या आसपास घटेल. माझ्या मते तुमचं पारडं स्पष्टपणे गोळीच्या बाजूला झुकतं.

आता पाय दुखण्याचं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी होता. स्टॅटिनच्या महिन्यांत वाढला, आणि खोट्या गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तेवढाच वाढला. त्या लोकांचं दुखणं खोटं नव्हतं. दुखत होतंच, पण बहुतांशी ‘गोळी घेतोय, आता दुखणार’ या धास्तीमुळे. स्वतःचे आकडे बघून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

खरोखर गोळीमुळे स्नायू दुखणारेही असतात. पहिल्या वर्षात हजारामागे अकराच्या आसपास, पुढे आणखी कमी. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखे भरून आले, जिना चढताना पाय उचलेनासे झाले, तर डॉक्टरांना सांगा. ते सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी, करतील. लघवी कोकसारखी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे फार क्वचित होतं, पण लक्षात असू द्या. गोळी सुरू करण्याआधी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर त्यानेच कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्टॅटिनने अंग दुखण्याची शक्यताही वाढते.

साखरेची भीती मात्र निराधार नाही, आणि ५.९ असताना तुम्ही ती विचारलीत हे बरोबरच केलंत. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, मोठ्या डोसने जास्त. सीमारेषा ओलांडतात ते मुख्यतः आधीच तिच्या जवळ असलेले लोक. २००८च्या ज्युपिटर चाचणीत रोसुवास्टॅटिन २० दिली होती. मधुमेहाचा धोका आधीपासून असलेल्यांचा त्यात वेगळा हिशोब मांडला, तेव्हा मधुमेहाचे ५४ नवे रुग्ण वाढले आणि त्यासमोर १३४ हृदयघटना किंवा मृत्यू टळले. तेव्हा साखर दर सहा महिन्यांनी बघा, पोटाचा घेर उतरवा, पण त्या भीतीने गोळी नाकारू नका.

डोसबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. आशियाई लोकांच्या रक्तात या औषधाचं प्रमाण जास्त चढतं, म्हणून अमेरिकेतल्या माहितीपत्रकात आशियाईंना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवलेली आहे. डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम सहा टक्के जास्त उतरतो, म्हणजे ५ घेऊन फारसं गमवावं लागत नाही. कमी पडलंच तर एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसरं औषध जोडता येतं. स्टॅटिन अजिबात सोसत नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड हे वेगळ्या गटातलं औषध आहे, त्यात युरिक ॲसिडवर लक्ष ठेवावं लागतं.

स्ट्रिपवरचं बारीक नाव नीट वाचा. रोसुवास्टॅटिनसोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास विकल्या जातात. कधीच अटॅक न आलेल्या माणसाला त्या चालू असलेल्या दिसल्या की मला काळजी वाटते, कारण रक्तस्रावाचा धोका विनाकारण वाढतो. तशी असेल तर कशासाठी दिली ते विचारा.

ही गोळी सकाळी-रात्री कधीही चालते, ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर ते गोळीनंतर दोन तासांनी घ्या. लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर, मधाचा काढा आवडत असेल तर प्या, पण गोळीच्या जागी नको. दीड-दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल परत करा. त्याच रक्तात एकदा लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच, हृदयाचा धोका वाढवणारा घटक) तपासून घ्या. ते आनुवंशिक असतं, आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं. आणि तुम्हाला भाऊ-बहीण असतील तर त्यांचंही कोलेस्टेरॉल याच महिन्यात बघा, वडील त्यांचेही तेच आहेत.