रोगांवर संशोधन करायचं, तर मुंबई सोडायलाच हवी का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला डॉक्टर व्हायचं नाही, रोगांवर संशोधन करायचंय. क्लासचे सर म्हणतात, खरं संशोधन बंगळुरू-पुण्यातच होतं, मुंबईत राहिली तर मागे पडेल. तिला बाहेरगावी ठेवणं आम्हाला जड जाईल. काय करावं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, बंगळुरूच्या आयआयएस्सीत किंवा पुण्याच्या आयसरमध्ये, म्हणजे विज्ञान संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थांत, बारावीनंतर प्रवेश मिळाला, तर जरूर पाठवा. पण मुंबईत राहिल्याने ती मागे पडेल, हे मला मुळीच मान्य नाही. तिची आवड पाहता तर नाहीच.

तुमच्याच लोकलच्या वाटेवरचं परळ घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या जीवाणूशास्त्रज्ञाने याच शहरात, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आजही परळला आहे. त्याच भागात टाटा मेमोरियल आहे, केईएम आहे, प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे, आणि केईएमच्या आवारातच रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी आणखी एक. टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र खारघरला आहे. देशभरातले रुग्ण उपचारासाठी इथे येतात. त्यामुळे वॉर्डात डॉक्टरांना पडलेला प्रश्न शेजारच्या प्रयोगशाळेत लगेच पोचू शकतो. रोगांचा अभ्यास करणाऱ्या मुलीला याहून मोठं काय हवं?

बारावीनंतर मुंबईतच राहायचं, तर माझी पहिली पसंती कालिन्याच्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेसला. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाने ते २००७ मध्ये सुरू केलं. पाच वर्षांचा एकात्मिक एमएस्सी अभ्यासक्रम आहे, त्यात जीवशास्त्रही आहे. प्रवेश नेस्ट परीक्षेतून होतो. परीक्षा अवघड आहे, तयारी आतापासूनच हवी.

या वर्षी मात्र तिला जीवशास्त्र ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेरीला बसवाच. ती नोव्हेंबरमध्ये असते, नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. पुढची शिबिरं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात. निवड नाही झाली तरी त्या प्रश्नपत्रिका सोडवताना तिला कळेल की हे काम तिला खरंच आवडतंय की फक्त लांबून छान वाटतंय. टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'चाय अँड व्हाय?' या कार्यक्रमालाही तिला घेऊन जा. तिथे शास्त्रज्ञ साध्या भाषेत बोलतात आणि कुणीही प्रश्न विचारू शकतं. तुम्हीही विचारा.

मुंबईची अडचण वेगळीच आहे, जागेची. प्रयोग कधी रात्री अकराला संपतो, कधी रविवारी पाहावा लागतो. त्यात रोज डोंबिवलीची गर्दी, हे फार काळ झेपत नाही. म्हणून संस्था निवडताना हॉस्टेलची चौकशी आधी करा.

खर्चाची काळजी मुख्यतः पदवीपर्यंतचीच. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो, पुढे रक्कम वाढते. अनेक पालकांना हे माहीतच नसतं आणि त्या भीतीपोटी मुलीला नको त्या वाटेला लावलं जातं.

आणि तिने बायोलॉजी घेताना गणित सोडलेलं नाही ना, ते आजच बघा. सोडलं असेल तर कॉलेजात विचारा, विषय अजून बदलता येतो का ते. आजच्या जीवशास्त्रात संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही.