वाचकांचे प्रश्न : बॅडलँड्समधली एक दिवसाची भटकंती

प्रश्न : आम्ही बाराजणी, वय ३५ ते ६२, मिनियापोलिसहून साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला जुलैत जात आहोत. सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलो आहोत. एका दिवसात नॉच ट्रेल आणि कॅसल ट्रेल दोन्ही जमतील का? नॉच ट्रेलवरच्या शिडीची थोडी धास्ती आहे.

उत्तर : जमतील, पण नॉच आधी आणि तीही उजाडताच. जाऊन-येऊन जेमतेम २.४ किलोमीटर, पण बाराजणींना शिडीपाशी थांबावं लागणार. दोन तास धरा.

सह्याद्रीतली एक सवय मात्र घरी ठेवून या. आपला कातळ बेसाल्टचा, हात घातला की धरून ठेवतो. इथे दिसतो तो दगड म्हणजे मुख्यतः थिजलेला चिखल आणि ज्वालामुखीची राख. खोबणीला धरून अंग उचललंत तर खोबणच हातात येईल. कोरड्या दिवशी वरचा भुसभुशीत थर सुटतो आणि घसारा तयार होतो. पाऊस पडला की त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला साबणासारखी होते. म्हणून सुरुवातीलाच टाच दाबून बघा. माती तळव्याला चिकटून आली तर नॉच रद्द. शेजारच्या डोअर ट्रेलचा लाकडी फळ्यांचा टप्पा करा.

शिडी लाकडी ओंडक्यांची, तारेच्या दोरांनी बांधलेली आणि उतारावर टेकलेली. वर जाताना ती अवघड वाटत नाही, अडचण उतरताना येते. दरीकडे तोंड करून उतरू नका, शिडीकडे तोंड करून उतरा. शिडीवर एका वेळी एकच. दोन अनुभवी मैत्रिणी वर आणि खाली उभ्या राहू द्या. ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा सॅकमध्ये. वरची वाट कड्याच्या काठाने जाते. जिला दृष्टिभय आहे, म्हणजे खोल दरी बघून भीती वाटते, तिने शिडीखालीच थांबावं, सोबत दुसरी एक हवीच.

पाण्याचा हिशेब : दर दोन तासांना माणशी दोन लिटर. वाटेवर पाणीही नाही, सावलीही नाही. कॅसल ट्रेल एका बाजूने ८ किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट. तीन तास आणि तीन लिटर. एक गाडी कॅसलच्या दुसऱ्या टोकाला, फॉसिल एक्झिबिट ट्रेलपाशी, लावून ठेवलीत तर परतीची पायपीट वाचेल. निवडुंगाचे काटे पातळ बुटातून आरपार जातात, तेव्हा चिमटा आणि जुना कंगवा जवळ असू द्या. रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, न दिसणाऱ्या फटीत हात नको. स्वच्छतागृह डोअर ट्रेलच्या वाहनतळावर आहे, पुढे वाटेत नाही; पाळी असेल तर बंद होणारी पिशवी बरोबर घ्या आणि सगळं परत आणा.

आणि घड्याळ! पश्चिमेकडे येताना वाटेत ते एक तास मागे जातं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं बदलत नाही.

प्रश्न : हाडासारखा दगड दिसला तर घरी आणता येईल?

उत्तर : नाही, कायद्याने मनाई आहे. उचलूही नका. कोणत्या थरात सापडलं यावरून त्याचं वय ठरतं. हलवलं की ती माहिती गेली. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागा टिपून घ्या आणि बेन रायफेल व्हिजिटर सेंटरमध्ये कळवा. २०१० मध्ये त्याच केंद्राजवळ सात वर्षांच्या एका मुलीला लांब सुऱ्यासारखे सुळे असलेल्या प्राचीन मांजरासारख्या प्राण्याची कवटी दिसली होती. तिने रेंजरला सांगितलं, म्हणूनच ती नीट जतन झाली.