पप्पांचा रेडिओ बंद करायला लावला, आता चैन पडत नाही

प्रश्न : ताई, सलाम. मी १९ वर्षांची आहे, भायखळ्याला राहते, कॉलेज करते आणि चर्चच्या यूथमध्ये आहे. मे महिन्यात आमचा कॅम्प झाला, तिथे शेवटच्या रात्री एका दादांनी सांगितलं की सेक्युलर म्युझिक हे सैतानाचं दार आहे, ज्याला खरंच प्रभूसाठी जगायचंय त्याने आत्ताच्या आत्ता फोनमधली गाणी डिलीट करा. आम्ही सगळ्यांनी रडत रडत केली, मीपण केली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी नेहमीसारखी अस्मिता वाहिनी लावली, जुनी भावगीतं चालू होती, तर मी म्हटलं पप्पा हे बंद करा, हे देवाचं नाहीये. ते काहीच बोलले नाहीत, उठले आणि बटण फिरवलं. आता तीन आठवडे झाले रेडिओ लागलेला नाही. मला वाटलं होतं शांती मिळेल पण तसं काहीच झालं नाही, उलट सकाळी स्वयंपाकघरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि मला कसंतरी होतं. मी बरोबर केलं का? ख्रिस्ती मुलीने बाहेरची गाणी ऐकावीत की नाही?

उत्तर : अगं, सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रेडिओच्या बटणापाशीच थांबले. आधी माझं सांगते, कारण मीपण हे केलंय. कॉलेजला होते तेव्हा आमच्याकडे उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने पेटवणाऱ्या सभा झाल्या, मीपण अशीच पेटून उठले आणि घरातल्या सगळ्या कॅसेट पिशवीत भरून कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. त्यातली एक माझ्या भावाने रेडिओवरून भरलेली होती, मध्येच गाणं सुरू व्हायच्या आधी त्याचा आवाज यायचा, "ए थांब थांब, सुरू झालं." तो पुढे अपघातात गेला. त्याचा आवाज असलेली दुसरी कुठलीच वस्तू आमच्याकडे नाही. त्या वेळी मनापासूनच केलं होतं मी, पण त्या पिशवीत काय काय आहे ते बघितलंच नव्हतं, सगळ्यावर एकच चिठ्ठी चिकटवली, जगिक, म्हणजे देवाचं नसलेलं, आणि टाकलं.

म्हणून पहिली गोष्ट, त्या दादांना वाईट समजू नकोस. काही जणांसाठी ते अगदी बरोबर असतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक जण दारूतून बाहेर आलाय, तो ठरावीक गाणी ऐकतच नाही कारण ती लागली की त्याला बारमधलं टेबल दिसतं, आणि तो असेल तिथे आम्हीपण ती लावत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४व्या अध्यायात हेच सांगितलंय, एकाला चालतं ते दुसऱ्याला ठेच लागण्याचं कारण होऊ शकतं. पण त्याच अध्यायात हेही आहे की न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. कॅम्पमध्ये अर्धाच अध्याय सांगितला गेला असं मला वाटतं.

आता ‘बाहेरची’ या शब्दाबद्दल. पौल अथेन्सला अरीयपग नावाच्या टेकडीवर उभा राहिला तेव्हा त्याने लोकांना त्यांच्याच कवींची ओळ ऐकवली, "आपण वास्तविक त्याचा वंश आहोत", प्रेषितांची कृत्ये १७:२८. ही ओळ अराटस नावाच्या ग्रीक कवीची आहे आणि त्याने ती झ्यूसबद्दल लिहिली होती! म्हणजे पौलाने ती कविता नुसती कानावरून जाऊ दिली नव्हती, ती त्याला पाठ होती आणि तिच्यात जेवढं खरं होतं तेवढं त्याने उचललं. आणि आपल्या घरातलंच बघ ना. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये इथे मुंबईतच झाला, तोपर्यंत आपल्या उपासनेत बरीचशी गाणी म्हणजे इंग्रजी चालीवर बसवलेले मराठी शब्द, टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आणि तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगायचे. आज आपण उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडून टाळ आणि पेटीवर जे गातो ते त्या माणसाने तुकोबा टाकून दिले नाहीत म्हणून. त्यांनीपण पिशवी भरून कचऱ्याच्या पेटीत टाकली असती तर?

मुंबईतल्या फिल्मी गाण्यांचंही तेच. स्टुडिओत व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवणारे कितीतरी जण गोव्याचे कॅथलिक होते, लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले. अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ सिनेमात गुरूचं नाव गाण्यात घातलं. ज्या हातांना चर्चने सूर दिला तेच हात त्या गाण्यांत आहेत. मग कुठली रेघ कुठे मारणार तू?

पण याचा अर्थ सगळं चालतं असा नाही हं, आणि इथे मला तुझ्याशी जास्त बोलायचंय. फिलिप्पैकरांस ४:८ काढ. जे काही सत्य, जे काही आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, आणि मग आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, शब्द आहे ‘जे काही श्रवणीय’. श्रवणीय! गाण्याबद्दल विचारणाऱ्या मुलीला याहून जवळचा शब्द मिळणार नाही. तिथे ‘जे काही मंडळीतलं’ असं लिहिलेलं नाही. गाणं कोणाचं आहे हे कव्हरवर बघून ठरत नाही, ते एकेक करून ऐकावं लागतं, आणि हे काम डिलीट करण्यापेक्षा खूप कठीण आहे, रोजचं आहे.

मी कसं करते ते सांगते. चाल बाजूला ठेवायची आणि शब्द कागदावर लिहून मोठ्याने वाचायचे. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका हळदीत माझी भाची, सहा वर्षांची, कोल्डड्रिंकचा ग्लास हातात धरून झुलत झुलत दारूवरचं एक गाणं म्हणत होती, बाईच्या कमरेबद्दलची ओळ आली की कंबर हलवत होती आणि आम्ही सगळे मोठे हसत मोबाईलवर शूट करत होतो. घरी येऊन मी तो व्हिडिओ आवाज वाढवून बघितला आणि मला रात्री झोप नाही आली. त्याच गाण्यावर मी स्वतः किती वेळा नाचले असेन, शब्द कधी ऐकलेच नव्हते. ते गाणं मी सोडलं, कोणी न सांगता. आणि त्याच आठवड्यात एक आपलं ख्रिस्ती गाणं पण सोडलं, त्यात चार कडवी नुसतं मला दे, मला दे, माझं भलं कर, प्रभूचं नाव होतं पण प्रभू नव्हता.

प्रेमाची गाणी? बायबलमध्ये गीतरत्न आहे, तरुण-तरुणीने एकमेकांना म्हटलेली गाणी आहेत ती, काळजी करू नकोस. दुःखाची गाणी? स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, तरी ते शास्त्रात आहे. उदास गाणं ऐकणं हे पाप नाही. पण तेच एक गाणं रात्री दोन वाजेपर्यंत चाळीस वेळा लावून आपली जखम उकरत बसलीस तर ते गाणं तुझं राहत नाही, तू त्याची होतेस. करिंथकरांस पहिल्या पत्रात ६:१२ला पौल म्हणतो तसं, मोकळीक आहे पण मी कशाच्या अधीन होणार नाही. लोकलमध्ये बसल्याबसल्या हात आपोआप इअरफोनकडे जातो का, गाणं नसेल तर स्वतःशी दहा मिनिटं बसवत नाही का, प्रार्थनेला बसलं की डोक्यात तेच वाजत राहतं का, हे तपास. वर्शिप सॉंग्जच्या बाबतीतपण तपास, कारण त्यांचीही सवय नशेसारखी लागू शकते.

आता पप्पा. तू विचारलं नाहीस पण पत्र त्यांच्याबद्दलच आहे. त्यांनी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही, तुझ्या विश्वासाचा मान ठेवून स्वतःची सकाळ सोडून दिली. तुझ्या यूथच्या कॅम्पमध्ये ज्या प्रेमाबद्दल शिकवलं ते तुझ्या स्वयंपाकघरात तीन आठवडे गुपचूप चहा पितंय. उद्या त्यांच्या आधी ऊठ, चहा ठेव आणि रेडिओ तू लाव. मोठी माफी वगैरे मागायची गरज नाही, ते लाजतील. नुसतं विचार, पप्पा हे कोणी गायलंय? आणि मग बस त्यांच्यापाशी, शब्द ऐक, त्यातलं एखादं तुला श्रवणीय नाही वाटलं तर तेही त्यांना सांग, आता ते ऐकतील.

प्रश्न : मी कुर्ल्याचा, वय २२. चर्चमध्ये पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. आमच्या एरियातल्या बेंजो पार्टीत बोलावतायत, हळदी, वरात आणि गणपतीची मिरवणूक. पैसे बरे मिळतील. जाऊ का?

उत्तर : हळद आणि वरात, खुशाल जा. लोकांच्या आनंदात वाजवणं हे चांगलं काम आहे, कष्टाचं आहे, आणि दाविदानेही राजाच्या घरी जाऊन वीणा वाजवलीच होती. फक्त कुठली गाणी वाजवणार ते आधी बघ, वरची भाचीची गोष्ट तुलाही लागू आहे, नको ते वाजवायला सांगितलं तर नाही म्हणायची तयारी ठेव.

मिरवणुकीचं वेगळं आहे. ती शेजाऱ्यांची पूजा आहे, त्यांच्या श्रद्धेचा मान ठेव, चेष्टा करू नकोस, पाणी वाटायला उभा राहिलास तरी मला आवडेल. पण पूजेतला एक भाग होऊन वाजवताना तुझं मन टोचणार असेल तर पैशांसाठी ते टोचणं दाबू नकोस. रोमकरांस १४:२३ वाच, आणि तुमच्या पाळकसाहेबांशी समोरासमोर बोल, मेसेजवर नको. पार्टीवाल्यांना सरळ सांग, हळदी-वराती करेन, मिरवणूक नाही, बहुतेक जण समजून घेतात, त्यांना चांगला कीबोर्डवाला हवा असतो.

आणि एक व्यवहाराचं. हळदी बऱ्याचदा शनिवारी असतात, दहाला स्पीकर बंद होतात पण वायरी गुंडाळून, टेम्पोत सामान चढवून घरी यायला बारा वाजतात. रविवारी सकाळच्या उपासनेला पेटीवर कोण बसणार हे तारीख घ्यायच्या आधी ठरव, तुझ्याशिवाय कोणाला येत नसेल तर संडे स्कूलमधल्या एखाद्या मुलाला आत्तापासून शिकवायला घे.