थर्मोस्टॅट बदलला, तरी पाणी कोमटच!

प्रश्न : काका, आमचा गिझर १५ लिटरचा, २ किलोवॉटचा आहे. महिनाभर झाला, बाथरूममध्ये कडक पाणी येतच नाही, नुसतं कोमट. मी स्वतः थर्मोस्टॅट बदलला, मग एलिमेंटही बदललं. फरक शून्य. दिवा मात्र वीस मिनिटांत विझतो. आता नवा गिझरच घ्यावा का?

उत्तर : थांबा. सगळ्यांत कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : दिवा वीस मिनिटांत विझतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २ किलोवॉटच्या एलिमेंटला अठरा-वीस मिनिटंच लागतात. म्हणजे टाकीतलं पाणी तापतंय. गिझर बिचारा निर्दोष आहे. घोळ टाकीपासून नळापर्यंतच्या वाटेत आहे.

आता पान्याला हात न लावता एक करा. गिझरचा स्विच बंद करा. गिझरमध्ये जाणाऱ्या थंड पाण्याच्या नळीवरचा अँगल कॉक (भिंतीतून निघणारा छोटा नळ) पूर्ण बंद करा आणि बाथरूममधला गरम नळ सोडा. खालून थंड पाणी रेटतं, म्हणून वरचं गरम पाणी बाहेर पडतं. तो रेटाच थांबवला की जरा वाहून धार तुटली पाहिजे. तुटली नाही, तर नळातलं ते पाणी गिझरमधून येतच नाहीये. कुठून तरी थंड लाइन गरम लाइनमध्ये शिरते आहे.

कुठून, हे मी एकदा चांगलाच तोंडावर पडून शिकलोय. धाकट्या बहिणीकडे हीच तक्रार होती. दोन तास गिझर उघडून बसलो. मीटर लावला, एलिमेंट तपासलं, सगळं ठणठणीत. शेवटी हात धुवायला गेलेल्या भाचीने हँडशॉवरच्या मिक्सरच्या, म्हणजे थंड-गरम पाणी मिसळणाऱ्या नळाच्या, दोन्ही चाव्या सहज बंद केल्या आणि बेसिनला कढत पाणी आलं! घरातले सगळे पाणी थांबवायला हँडशॉवरच्या टोकाचं बटण सोडून द्यायचे आणि मिक्सर तसाच उघडा ठेवायचे. टोक बंद, आत थंड-गरम दोन्ही वाटा मोकळ्या. मग जिथे दाब जास्त, तिथलं पाणी दुसऱ्या लाइनमध्ये घुसणारच. भाची अजून मला चिडवते.

तुमच्याकडे असा शॉवर नसेल, तर एका दांडीचे मिक्सर तपासा. आतलं कार्ट्रिज (पाणी मिसळणारा आणि अडवणारा भाग) झिजलं की मिक्सर बंद असतानाही हाच प्रकार होतो. एकेका मिक्सरच्या खालचे दोन्ही कॉक बंद करत जा. ज्याच्या बंद करण्याने धार तुटेल, तो चोर.

आणि धार पहिल्याच फटक्यात तुटली तर? महिन्यापूर्वी गिझर खाली उतरवला होता का, ते आठवा. नळ्या उलट जोडल्या गेल्या असतील. निळ्या खुणेला थंड, लाल खुणेला गरम. तेही बरोबर असेल, तर टाकीच्या आत वरपर्यंत जाणारी गरम पाण्याची नळी मध्येच कुजली असेल. ते काम कारागिराला द्या.

प्रश्न : गिझर चालू केला की सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपटप पाणी पडतं. बूच मारून टाकू का?

उत्तर : मुळीच नाही! पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की सुमारे पावणेचारशे मिलिलिटरने वाढतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, मग त्याने जायचं कुठे? बूच मारलंत तर टाकीचे सांधे ताणले जातील. त्यात थर्मोस्टॅट अडकून पाणी उकळतच राहिलं, तर टाकी फुटू शकते. खाली बादली ठेवा किंवा पारदर्शक नळी जोडून तिचं टोक मोरीत सोडा. त्या टोकाला नळ, गाठ, काहीही नको.

गिझर गार असतानाही गळत असेल, तर आत कचरा अडकलाय. गिझर गार असतानाच व्हॉल्व्हची दांडी दोन-तीनदा उचलून सोडा. तरी थांबलं नाही, तर व्हॉल्व्ह बदला. मात्र घरात प्रेशर पंप असेल तर आधी दाब मोजा. गच्चीवरची टाकी गिझरपेक्षा दहा मीटर उंचावर असली तरी एकच बार दाब मिळतो. पंप त्याच्या कितीतरी पट देऊ शकतो, आणि जास्त दाबाने चांगला व्हॉल्व्हही गळतो.

प्रश्न : टेफ्लॉन टेपचे पंधरा वेढे दिले, तरी गिझरच्या कनेक्शन पाइपचा नट गळतोच.

उत्तर : पन्नास दिले तरी गळेल. त्या नटात रबरी वायसर असतो आणि पाणी वायसरवर अडतं, आट्यांवर नाही. कॉक बंद करा, टेप सगळी काढा, चिरलेला वायसर बदला आणि नट हाताने बसवून पान्याने पाव फेरा द्या.