शिडाच्या बोटीवरच राहतो. धातुकामासाठी छोटं वर्कशॉप बोटीतच कसं मांडावं?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: १२ मीटरची फायबरची बोट, १२ व्होल्टची बॅटरी बँक, आणि ४० किलोच्या आसपासचा मिनी लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातायचं यंत्र) घ्यायचा विचार. तो बसवायचा कुठे आणि बॅटरीवर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

चालेल. पण लेथ सगळ्यात शेवटी घ्या. बोटीवर धातूची जी कामं निघतात, त्यांतली बहुतेक वाइस (तुकडा आवळून धरायची पकड), कानस, हॅक्सॉ आणि ड्रिलवर उरकतात: पट्टीला भोकं पाडणं, अडकलेला बोल्ट कापणं, वाकलेला ब्रॅकेट सरळ करणं, मेलेले आटे पुन्हा काढणं. लेथ लागतो तो बुश (शाफ्टभोवतीची नळी), स्पेसर, पिन आणि पंपाचा शाफ्ट यांना. लेथ असो वा नसो, बोटीवरची खरी डोकेदुखी म्हणजे निघालेला कीस. जिथे काम करायचं तिथेच तुम्ही झोपता, आणि पायाखालच्या फळ्या उचलल्या की खाली बिल्ज, म्हणजे पाणी साठणारी तळाची पोकळी आहे. तिथे गेलेला कीस बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचमध्ये (पाणी चढलं की पंप चालू करणारं बटण) अडकतो, पाणी वाहून जायची बारीक भोकं तुंबवतो आणि कधी एखाद्या उघड्या टर्मिनलवर जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक यंत्राची जागा ठरवताना आधी बघायचं, की याच्याखाली काय आहे. बॅटरीच्या पेटीवर लेथ, हे कुठल्याही परिस्थितीत नको.

वाइस १०० मिमी जबड्याचा पुरे. बिडाचा नको, स्टीलचा घ्या. त्यावर हातोडा चालणारच आहे आणि बीड तडकतं. चार्ट टेबलाला शिकंज्याने आवळलेला वाइस कामाचा नाही: कानस ओढली की तो डुलतो, हॅक्सॉची पाती तुटतात आणि टेबलाचं व्हिनिअर चेपतं. उत्तम जागा म्हणजे केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्यांपाशी. पूर्ण उभं राहता येतं, उजेड आणि वारा असतो आणि कचरा बाहेर काढायला दोन पावलं लागतात. १८ मिमी मरीन प्लायचा ३०० × ४०० मिमीचा तुकडा घ्या, त्यावर वाइस एम १० बोल्टने आरपार बसवा, आणि प्लायच्या खालच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे असे लावा की ते वरच्या पायरीत घट्ट अडकतील. वाइसच्या बरोबर खाली ४० मिमी पाइपचा पाय द्या. हातोड्याचा मार हा पाय घेतो, म्हणून त्याचं टोक उचलता येणाऱ्या फळीवर टेकवू नका, फळीखालच्या आडव्या बीमच्या रेषेत येऊ द्या. जबड्याची वरची कड कोपराला लागेल इतकी उंची ठेवा. काम झालं की सगळं उचलून लॉकरमध्ये.

कापायला अँगल ग्राइंडर हात लावताक्षणी सोपा वाटतो, पण फायबरच्या बोटीवर त्याच्याइतका खोडकर दुसरा नाही. ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थरात, रुतून बसतो आणि रात्रीचं दव पडलं की सकाळी डेकवर तपकिरी तीळ उठलेले दिसतात. ताजे असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडचा लेप पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुतल्यावर निघतात, जुने झाले की पॉलिश करूनच काढावे लागतात. खिडक्यांच्या आणि सोलर पॅनलच्या काचेवर पडलेले खड्डे मात्र निघत नाहीत, आणि रबरी डिंगीला (किनाऱ्यावर जायच्या छोट्या बोटीला) तर सरळ भोक पडतं. म्हणून कापायला कॉर्डलेस बँडसॉ घ्या: ठिणग्या नाहीत, कीस उडत नाही, जागच्या जागी खाली पडतो. बारीक कामाला हॅक्सॉ आहेच. नियम एवढाच की पत्र्याच्या जाडीत कमीत कमी तीन दात बसले पाहिजेत. ३ मिमी पट्टीला इंचाला २४ दातांचं पातं लावा, त्याहून पातळ असेल तर ३२ दातांचं. ग्राइंडर चालवणं भागच असेल तर नांगरावर असताना बोटीच्या मागच्या टोकाला बसा. नांगरावर बोटीचं तोंड बहुतेक वेळा वाऱ्याकडे असतं, त्यामुळे ठिणग्या आपोआप पाण्यावर जातात. डेकवर ओली जुनी घोंगडी पसरा आणि मागे दुसरी बोट किंवा आपलीच डिंगी बांधलेली नाही ना, ते बघा.

आता लेथ. टेबलावर मावणाऱ्या १०-१५ किलोच्या लेथवर ९० मिमी व्यासापर्यंतचा जॉब (कातायचा तुकडा) फिरतो, पण स्पिंडलचं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं भोक जेमतेम १० मिमीचं असतं. मिनी लेथवर १८० मिमी फिरतो, दोन सेंटरमध्ये (दोन टोकांच्या आधारांमध्ये) ३०० मिमी मिळतात, आणि २० मिमीचं भोक असल्यामुळे पंपाचा १२ किंवा १६ मिमी शाफ्ट आत सरकवून त्याचं टोक कातता येतं. याच एका कारणासाठी मी मिनी लेथ सुचवेन. प्रोपेलरचा २५ मिमी शाफ्ट दोन्हीत जात नाही, तो नाद सोडा.

बसवताना लोक पाणसळ शोधत बसतात. लेथ पाणसळीत नसला तरी चालतो, त्याच्या बेडला, म्हणजे लांब लोखंडी पायाला, पीळ नको. बोट मात्र सतत पिळत असते. डोलकाठीची मागची तार ताणली तरी बोटीची दोन्ही टोकं किंचित वर ओढली जातात आणि आतल्या भिंती सूतभर हलतात. लेथ चारही बोल्टने थेट बोटीच्या लाकडाला आवळला, तर हा सगळा पीळ बेडमध्ये उतरतो. उपाय असा: १२ मिमी जाडीची ७०० × २०० मिमी स्टीलची प्लेट घ्या (सुमारे १३ किलो), लेथ तिच्यावर पक्का बसवा, आणि ती प्लेट बोटीला फक्त तीन ठिकाणी धरा: दोन हेडस्टॉकच्या (स्पिंडलच्या टोकाच्या) बाजूला, एक टेलस्टॉकच्या (समोरून आधार देणाऱ्या टोकाच्या) बाजूला. प्रत्येक ठिकाणी एम १० बोल्ट, खाली ६ मिमी कडक रबर. तीन पायांच्या तिवईला पीळ बसत नाही, तसंच हे. बोल्ट लाकडी स्क्रूसारखे वरवर नकोत, आरपार आणि मागे पट्टी देऊन. बोट आडवी झाली तर ५० किलोहून जास्त लोखंड लटकणार आहे, म्हणून वरून एक पट्टाही ठेवा.

मग तपासणी. चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यांत) २५ मिमीची सळई १०० मिमी बाहेर ठेवून धरा, टेलस्टॉक लावू नका. दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) सोडून मधला भाग थोडा खाली घ्या, आणि क्रॉस स्लाइडला (हत्यार आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाला) हात न लावता दोन्ही कॉलरवर एकच ०.१ मिमीचा हलका कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. ०.०२ मिमीच्या आत फरक असेल तर सोडून द्या. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडच्या, तुमच्या बाजूच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. लहान आली तर पलीकडच्या बाजूला. शिम लेथ आणि प्लेट यांच्यामध्ये जाईल, प्लेटखाली नाही. पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, सुरुवातीला तोच वापरा.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ऑटोपायलटचा होकायंत्र सेन्सर अनेकदा बोटीच्या मध्यावर, खालच्या एखाद्या लॉकरमध्ये असतो, आणि वजनासाठी लेथही तिथेच बरा वाटतो. दोघांत निदान एक मीटर अंतर ठेवा आणि लेथ बसल्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड होकायंत्राजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

विजेचं गणित लोकांना वाटतं तितकं वाईट नाही. ५०० वॅट घेणारी मोटर पूर्ण जोरात चालली तर इन्व्हर्टरमधली तूट धरून १२ व्होल्टच्या बाजूला सुमारे ४५ अँपिअर ओढते. पण हलक्या कटला २०० वॅटच्या आसपास लागतात; अर्धा तास प्रत्यक्ष कातकाम केलं तर ९-१० अँपिअर-तास गेले. म्हणजे बॅटरी रिकामी होण्यापेक्षा बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडून इन्व्हर्टर बंद होणं, हेच जास्त घडतं. इन्व्हर्टर १५०० वॅटचा, प्युअर साइन वेव्हचाच घ्या. मॉडिफाइड साइनवर मिनी लेथच्या स्पीड कंट्रोलचा गोंधळ होतो: वेग वरखाली होतो, बोर्ड तापतो आणि जळतो. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दीड मीटरच्या आत, केबल ५० चौरस मिमी, २०० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. बॅटरी लिथियमची असेल तर फ्यूज क्लास टी हवा, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम इतका प्रवाह सोडते की साधा फ्यूज तो तोडू शकत नाही. ब्रशच्या मोटरमध्ये आत ठिणग्या पडतच असतात, तेव्हा पेट्रोल भरताना, गॅसचा वास येत असताना किंवा लेड-ॲसिड बॅटरी जोरात चार्ज होत असताना यंत्र चालू करायचं नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो, तो बिल्जमध्येच साठतो.

बोटीवर मुख्यतः स्टेनलेसशी गाठ पडते आणि ते घासलं की कडक होतं. ६ मिमी ड्रिलला मिनिटाला ६०० फेरे, १० मिमीला ४०० च्या आत, आणि दाब सतत. ड्रिल किंचाळायला लागलं आणि कीस वेटोळ्यांऐवजी पीठ होऊन निघायला लागला, की समजा ते कापत नाही, नुसतं घासतंय. तिथेच थांबा. त्या चकाकणाऱ्या थरात तेच ड्रिल पुन्हा घुसणार नाही. कोबाल्टचं धारदार ड्रिल लावा, वेग आणखी कमी करा, अंगाचा भार द्या, कटिंग ऑइल सोडा. सेंटर पंचही हलक्या हाताने मारा, जोराच्या ठोक्यानेही ती जागा कडक होते. आटे पाडताना नेहमीच्या भोकापेक्षा ०.१ मिमी मोठं भोक घ्या: एम ६ ला ५.१, एम ८ ला ६.९. आट्यांची ताकद नावापुरती कमी होते आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटायचा वाचतो. तुटलेला टॅप बोटीवर काढणं म्हणजे एक दिवस गेला.

कीस धरायला लेथखाली कडा असलेला ट्रे हवाच, पण उडणाऱ्या वेटोळ्यांना तो पुरत नाही. जुन्या शिडाच्या कापडाचा मीटरभर तुकडा घ्या, एक कड ट्रेला चिमट्यांनी लावा, दुसरी स्वतःच्या कमरेला बांधा. मधल्या झोळीत सगळं पडतं. झोळीच्या दोऱ्या आणि कापड फिरत्या चकपासून लांब राहील, हे मात्र चालू करण्याआधी बघा. लोखंडाचा कीस प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या चुंबकाने उचला, मग पिशवी उलटी करा. ३१६ स्टेनलेसला चुंबक जवळपास धरत नाही, पितळ-ॲल्युमिनियमला तर नाहीच. तिथे व्हॅक्युम क्लीनर. एखाद्याची बोट ॲल्युमिनियमची असेल तर पितळ, तांबे, कासे आत कातूच नका. बिल्जच्या खाऱ्या पाण्यात पडलेला तांब्याचा एक तुकडा कालांतराने तळाला भोक पाडू शकतो.

साठा थोडका ठेवा: ३१६ च्या ६, ८, १०, १२ मिमी सळया, ४० × ५ ची एखादी पट्टी, कासे २५ मिमी, ॲसिटल (एक कडक प्लास्टिक) ३० आणि ५० मिमी. सुकाणूच्या बुशला नायलॉन वापरू नका. नायलॉन ६ पाण्यात वजनाच्या ८-१० टक्क्यांपर्यंत पाणी पितं, फुगतं आणि सुकाणू जॅम होतं. ॲसिटल एक टक्क्याच्या आसपासच पितं. पाण्याखाली पितळही नको, त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. डोलकाठीच्या तारा जिथे धरल्या जातात त्या पट्ट्या मात्र अनोळखी स्टेनलेसच्या घरी बनवू नका.

वेल्डिंग फायबरच्या बोटीच्या आत नको, एवढंच म्हणतो. २.५ मिमी रॉडला ८० अँपिअर लागतात, म्हणजे मशीनला तीनेक किलोवॅट. १२ व्होल्टला तो भार २५० अँपिअरच्या पुढे जातो. किनाऱ्यावर नेऊन करून घ्या.

गंज. मिठाच्या कणाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी सुटतं, समुद्राच्या मिठाला त्याहीआधी. म्हणून लेथला हात लावण्याआधी हात गोड्या पाण्याने धुवा. बेडवर उठणारे गंजाचे ठसे बहुतेक वेळा बोटांचेच असतात. काम झाल्यावर बेड पुसून स्लाइडवे ऑइल, महिनाभर हात लागणार नसेल तर लॅनोलिनचा थर. झाकायला तेलाने ओलसर केलेलं कापड. प्लास्टिकची शीट आतून घामेजते. कानशींना तेल लावू नका, त्या घसरतात आणि दातांत कीस चिकटतो. गंजरोधक व्हीसीआय कागदात एकेक गुंडाळून ठेवा.

नांगर उचलण्याआधी चकची किल्ली जागेवर, टेलस्टॉक उतरवून लॉकरमध्ये, सॅडल (बेडवर सरकणारा भाग) हेडस्टॉककडे नेऊन लॉक, वरचा पट्टा आवळलेला, आणि बिल्जचा फ्लोट स्विच हाताने एकदा उचलून पंप चालू होतो का ते पाहिलेलं.