वाचकांचे प्रश्न : कॉकपिटचे दार उघडे होते तेव्हा

मागील अंकातील विमानप्रवासावरील टिपणात, पूर्वी प्रवाशांना उड्डाण चालू असताना कॉकपिट पाहता येत असे, एवढा एका ओळीचा उल्लेख होता. त्या एका ओळीवर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : १९८६ च्या पावसाळ्यात मी मुंबईहून औरंगाबादला इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाने आलो. हवाई सुंदरीकडे सहज विचारणा केली आणि थोड्याच वेळात कॅप्टनसाहेबांनी मला आत बोलावले. उजव्या हाताला दूरवर नाथसागराचे पाणी चमकत होते. त्या भेटीतील एक गोष्ट मात्र आजवर उलगडलेली नाही. कॅप्टनसाहेबांच्या गुडघ्याशी पांढरा पट्टा असलेले एक काळे चाक होते आणि ते कोणी हात न लावता मधूनच खडखड करीत फिरे. ते काय असावे? आणि दोघेही माझ्याशी बोलत होते, तर विमान चालवत कोण होते? (एक निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई)

उत्तर : आपली स्मरणशक्ती दाद देण्यासारखी आहे, कारण आपण पाहिले ते ट्रिमचे, म्हणजे विमानाचा तोल साधण्याचे, चाक होते आणि त्याचे आपण केलेले वर्णन तंतोतंत आहे. विमानाच्या शेपटीला जे दोन आडवे पंख असतात ते या विमानात मुळापासूनच किंचित वर किंवा खाली कलवता येतात. वेग बदलला, इंधन जळून वजन घटले किंवा आठ-दहा प्रवासी एकदम मागच्या बाजूला गेले, तरी विमानाचा तोल बदलतो आणि त्याचे नाक वर उचलले जाऊ लागते किंवा खाली झुकू लागते. ते सावरण्यासाठी ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, शेपटीच्या पंखांचा कोन थोडा थोडा बदलत राहतो, आणि त्या यंत्रणेला जोडलेली दोन चाके, एक कॅप्टनच्या बाजूचे व दुसरे सहवैमानिकाच्या बाजूचे, त्याबरोबर फिरतात. विजेवर चालणारी यंत्रणा बंद पडली तर याच चाकांची दुमडलेली मूठ बाहेर काढून ती हाताने फिरवायची असतात. पांढरा पट्टा आणि खडखडाट या दोन्हींमुळे, चाक आपण होऊन फिरू लागले तर ते वैमानिकाच्या ध्यानात येते. आजच्या ७३७ विमानांतही ही चाके आहेत.

विमान त्या वेळी ऑटोपायलटवर होते, परंतु त्याचा अर्थ ते कोणाच्याही हाती नव्हते असा नाही. पाहुण्याला आत घ्यायचे ते विमान ठरलेल्या उंचीवर स्थिर झाल्यानंतरच, आणि एक वैमानिक मान वळवून बोलत असला तरी दुसऱ्याने डोळे उपकरणांवर ठेवायचे, असा शिरस्ता होता. मुंबई ते औरंगाबाद हे हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे आणि त्यातील बराचसा भाग वर चढण्यात व खाली उतरण्यात जातो, त्यामुळे आपली भेट काही मिनिटांतच आटोपली असणार. दहा हजार फुटांच्या खाली उड्डाणाशी संबंध नसलेले काहीही बोलायचे नाही, हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये लागू झाला आणि पुढे तो जगभर रूढ झाला.

तरीही हा पाहुणचार निर्धोक होता, असे मी म्हणणार नाही. मार्च १९९४ मध्ये मॉस्कोहून हाँगकाँगला निघालेल्या एरोफ्लोटच्या एअरबस ए-३१० विमानात एका वैमानिकाने आपल्या मुलांना आळीपाळीने कॅप्टनच्या आसनावर बसवले होते. मुलाने सुकाणूवर बराच वेळ जोर दिल्यामुळे ऑटोपायलटचा, विमान डावी-उजवीकडे कलवण्यापुरता भाग सुटला. त्याची सूचना फक्त एका दिव्याने मिळाली, भोंगा वाजला नाही, आणि प्रकार लक्षात येईपर्यंत विमान आडवे होत गेले होते. सैबेरियात ते कोसळले आणि त्यातील सर्व ७५ जण मृत्युमुखी पडले.

प्रश्न : आखाती देशात नोकरीला असताना, १९९० नंतरच्या एका रात्रीच्या प्रवासात मला कॉकपिटमध्ये उभे राहता आले. समोरून एका विमानाचे दिवे थेट आमच्याच अंगावर येताना दिसले आणि शेवटच्या क्षणी ते विमान डोक्यावरून गेले. वैमानिक शांत होते. आम्ही अपघातातून वाचलो होतो का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही. त्या काळी २९ हजार फुटांच्या वर एकमेकांच्या मार्गावरील विमानांमध्ये दोन हजार फुटांचे, म्हणजे सुमारे ६०० मीटरचे उभे अंतर ठेवले जात असे. अधिक अचूक उंचीमापके आल्यानंतर आपल्या भागात नोव्हेंबर २००३ पासून ते एक हजार फुटांवर आणले गेले. दोन विमाने समोरासमोर येतात तेव्हा त्यांचे वेग एकत्र मिळून ताशी १,७०० किलोमीटरच्या आसपास भरतात. वीस किलोमीटरवर दिसलेला दिवा पाऊण मिनिटाच्या आत डोक्यावरून जातो. दूर असताना सहाशे मीटरचा फरक डोळ्यांना कळतच नाही, म्हणून ते विमान आपल्याच पातळीवर आहे असे वाटते. अगदी जवळ आल्यावर मात्र ते काचेत झपाट्याने वर सरकते. रात्री अंतराचा अंदाज देणारी दुसरी कोणतीही खूण नसल्यामुळे हा भास अधिकच तीव्र होतो.

प्रश्न : अमेरिकेतील २००१ च्या हल्ल्यांमुळेच हे सारे बंद झाले का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जालना)

उत्तर : मुख्यतः होय. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरणकर्त्यांनी चार विमानांच्या कॉकपिटचा ताबा घेतला. तोवर कॉकपिटचे दार हा एक हलका आडपडदा होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार १ नोव्हेंबर २००३ पासून साठांहून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांना पिस्तुलाची गोळी व हातबॉम्बचे तुकडे अडवील असे, आतून कुलूपबंद होणारे दार सक्तीचे झाले. आपल्याकडे मात्र १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ नावाचे फोकर विमान लाहोरला पळवून नेले गेले होते, १९८१ व १९८४ मध्येही अपहरणे झाली, आणि डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी-८१४ कंदाहारला गेले. एवढे सोसूनही कॅप्टनच्या मर्जीवर आत जाण्याची मोकळीक आपल्याकडे इतकी वर्षे टिकली, याचे मला खरोखर नवल वाटते.

नव्या दाराने नवा धोकाही आणला. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन बाहेर गेल्यावर सहवैमानिकाने दार आतून बंद करून विमान आल्प्स पर्वतावर आदळवले आणि १५० जणांचा जीव गेला. त्यानंतर कॉकपिटमध्ये सदैव दोन माणसे असावीत, अशी पद्धत अनेक कंपन्यांनी स्वीकारली.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला कॉकपिट पाहण्याचा ध्यास लागला आहे. आता ते शक्य आहे का? (एक गृहिणी, लातूर)

उत्तर : उड्डाण चालू असताना नाही, आणि ओळखीपाळखीनेही नाही. २०२३ मध्ये दुबईहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात वैमानिकाने आपल्या परिचित व्यक्तीस कॉकपिटमध्ये घेतले, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला आणि त्या वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला.

विमान जमिनीवर थांबलेले असताना परवानगी मिळू शकते, पण तो कॅप्टनचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. लातूरहून आपल्याला बहुधा हैदराबाद किंवा पुणे गाठूनच विमानात बसावे लागेल, तेव्हा विचारणा चढताना न करता मुक्कामी उतरताना करावी. निघण्यापूर्वी वैमानिक मार्गाची माहिती संगणकात भरत असतात, इंधनाचा व वजनाचा हिशेब तपासत असतात, आणि त्यात व्यत्यय आणणे योग्य नाही. उतरल्यावर इतर प्रवासी बाहेर पडेपर्यंत जागेवर बसून राहावे आणि मग विमानसेविकेमार्फत निरोप द्यावा. तेच विमान लगेच परत निघणार असेल तर नकार येण्याची शक्यता अधिक, म्हणून दिवसाच्या शेवटच्या फेरीत विचारून पाहावे. आत गेल्यावर कॅप्टनने सांगितल्याखेरीज मुलाने कशालाही हात लावू नये, कारण विमान उभे असले तरी त्याची वीज चालू असते. छायाचित्र काढायचे झाल्यास तेही विचारूनच काढावे.