पैसे आले, पण नाव वेगळंच

प्रश्न : क्रिप्टो एक्स्चेंजच्या पीटूपी विभागात (जिथे लोक थेट एकमेकांशी खरेदी-विक्री करतात) ५०,००० रुपयांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी जोडलेले क्रिप्टो कॉइन) विकायला लावले. पैसे खात्यात आले, पण तिसऱ्याच नावाच्या खात्यातून. खरेदीदार म्हणतो, भावाचं खातं आहे. कॉइन सोडू का?

उत्तर : सोडू नका. एस्क्रो, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंतची एक्स्चेंजची राखण, फक्त तुमचे यूएसडीटी अडकवून ठेवतो, समोरून आलेले रुपये कुणाचे याची हमी देत नाही. बहुतेकदा तो ‘भाऊ’ म्हणजे फसवला गेलेला माणूस असतो. त्याला तुमचा यूपीआय आयडी देऊन पैसे भरायला लावलेले असतात. तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक ती रक्कम, कधी अख्खं खातंच गोठवते. यूएसडीटी तोवर पुढे गेलेले असतात.

‘रिलीज’ न दाबता त्याच ऑर्डरमध्ये एक्स्चेंजकडे अपील करा आणि नावं जुळत नसल्याचं चॅटमध्ये लिहा. बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर नेऊ नका. रक्कम परत करायची ती आली त्याच खात्यात. खरेदीदाराने दुसरा खाते क्रमांक दिला तर तिथे एक रुपयाही पाठवू नका, नाहीतर चोरीचा पैसा पुढे सरकवणारे तुम्हीच ठराल. ऑर्डर क्रमांक, चॅट आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा. खातं गोठलंच तर आधी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलिसांची तक्रार आहे ते घ्या, मग हेच पुरावे तिथे द्या.

पुढच्या वेळी जाहिरातीतच ‘फक्त स्वतःच्या नावाच्या खात्यातून’ असं लिहा. स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही बनावट असू शकतात, म्हणून जमा रक्कम बँकेच्या अ‍ॅपमध्येच पाहा. पगार आणि घराचा हप्ता ज्या खात्यात, ते यात वापरूच नका.

प्रश्न : ओळखीच्याने थेट वॉलेटवर बिटकॉइन पाठवलेत, ‘पेंडिंग’ दिसतंय. रोख देऊन टाकू?

उत्तर : थांबा. ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक नोंदवहीच्या पानात, न गेलेला व्यवहार पाठवणारा जास्त फी लावून बदलू शकतो आणि तेच कॉइन स्वतःच्या पत्त्यावर वळवू शकतो. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी बनतो. व्यवहार ब्लॉकमध्ये गेला की एक कन्फर्मेशन, त्यावर पुढचा प्रत्येक ब्लॉक म्हणजे आणखी एक. किरकोळ रकमेला एक कन्फर्मेशन पुरे, मोठ्या रकमेला सहा, म्हणजे साधारण तासभर. ते ब्लॉक एक्स्प्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) व्यवहाराचा आयडी टाकून स्वतः पाहा.

उद्या तुम्ही पाठवणार असाल तेव्हा पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. खऱ्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेल्या पत्त्यावरून चिल्लर रक्कम पाठवून भामटे त्या यादीत शिरतात. मधली अक्षरंही ताडून पाहा.